पाच जागांचा हिशेब : आयातशुल्क आणि अमेरिकी काँग्रेसच्या चुरशीच्या लढती

अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून पंचवीस टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी पंचवीस टक्के शुल्क लावले. त्यानंतर आपल्याकडच्या वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर एक युक्तिवाद फार आत्मविश्वासाने मांडला जाऊ लागला. शुल्काचा बोजा शेवटी अमेरिकन गिऱ्हाइकावरच पडणार, महागाईने तो चिडणार, आणि नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीत ट्रम्प यांच्या पक्षाला धडा शिकवणार, असा तो युक्तिवाद. म्हणजे आपण फक्त थोडी कळ काढायची. अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेला जाणारे दागिने घडवणाऱ्या कारागिरालाही हाच दिलासा दिला गेला. त्याच्या पोटाचा प्रश्न परक्या देशातल्या मतदाराच्या रागावर सोपवायचा असेल, तर तो राग मतपेटीपर्यंत कसा आणि किती पोहोचतो हे तपासून पाहायला हवे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. संशोधकांचे निबंध, त्यांतली कोष्टके आणि जुने निवडणूक-निकाल वाचत वाचत जे शिकलो, त्याच्या आधारावर ही तपासणी करतो आहे.

आधी शब्दांचा खुलासा. ‘मध्यावधी’ म्हटले की आपल्याला सरकार कोसळल्यावरची निवडणूक आठवते. अमेरिकेत ती अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर, ठरलेल्या तारखेलाच होते. काँग्रेस म्हणजे तिथली संसद. प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा दर दोन वर्षांनी नव्याने लढवल्या जातात, सिनेटच्या मात्र एकतृतीयांशच. पण ४३५ ही संख्या फसवी आहे. २०२४ साली पाच टक्क्यांच्या आतल्या फरकाने निकाल लागलेल्या जागा चाळीसच्या आसपास होत्या. बाकीच्या ठिकाणी कोण येणार हे उमेदवारी ठरली तेव्हाच ठरलेले असते. प्रतिनिधीगृह २२० विरुद्ध २१५ असे विभागले गेले, ते या चाळीस जागांच्या जोरावर. म्हणून ‘टॅरिफमुळे अमेरिकन मतदार चिडेल का’ हा प्रश्न अपुरा आहे. चिडलेला मतदार राहतो कुठे, हे विचारायला हवे.

आयातशुल्काने निवडणूक फिरते या समजुतीचे मूळ उदाहरण १८९० सालचे आहे, आणि ते पुन्हा पुन्हा दिले जात असल्यामुळे त्याच्याकडे जरा निगुतीने पाहू. ओहायोचे प्रतिनिधी विल्यम मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा जकात कायदा १ ऑक्टोबर १८९० रोजी मंजूर झाला. सरासरी शुल्क अडतीस टक्क्यांवरून जवळजवळ पन्नास टक्क्यांवर गेले. पाच आठवड्यांनी निवडणूक झाली आणि रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधीगृहातले संख्याबळ १७९ वरून नव्वदच्या आत आले. खुद्द मॅकिन्ली सुमारे तीनशे मतांनी पडले. दाखला म्हणून याहून नाट्यमय काय हवे? कायदा केला, महागाई झाली, कर्ताच आडवा झाला.

पण तारखा मांडून बघितल्या की गोष्ट सरळ राहत नाही. या कायद्यातली सर्वांत गाजलेली तरतूद होती कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची. हा पत्रा वेल्समधून यायचा, आणि त्याचे डबे, पेले, कॉफीची भांडी घरोघर होती. त्यावरचे वाढीव शुल्क लागू झाले १ जुलै १८९१ रोजी, म्हणजे निवडणुकीनंतर आठ महिन्यांनी. तरीही डेमोक्रॅट पक्षाने १८९० च्या त्या पानगळीच्या मोसमात मॅकिन्लींच्या मतदारसंघात भांडी विकणारे फेरीवाले पाठवले. ते पत्र्याचे पेले कितीतरी पटींनी चढ्या भावाने दाखवायचे आणि ‘मॅकिन्लीच्या जकातीमुळे’ असे सांगायचे, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार देतात. उलट याच कायद्याने कच्ची साखर शुल्कमुक्त केली होती, ती स्वस्ताई सामान्य गिऱ्हाइकाच्या रोजच्या चहा-कॉफीत उतरणार होती. पण ती तरतूद लागू झाली १ एप्रिल १८९१ ला. तोटाही निवडणुकीनंतरचा आणि फायदाही निवडणुकीनंतरचा. मतदारापर्यंत वेळेवर पोहोचली ती तोट्याची धास्ती. दुकानदारांनीही ‘भाव चढण्याआधी घेऊन ठेवा’ म्हणून ती पिकवली. स्वस्त होणाऱ्या साखरेचा फेरीवाला कुणी पाठवला नाही.

दुसरी बाब नकाशाची. मॅकिन्ली पडले तो मतदारसंघ त्यांचा नेहमीचा नव्हता. ओहायोच्या डेमोक्रॅट विधिमंडळाने त्याआधी सीमा नव्याने आखून त्यांना प्रतिकूल प्रदेशात ढकलले होते. तिथे ते अवघ्या तीनशे मतांनी हरले, ही त्यांच्या लोकप्रियतेची खूणही मानता येईल. तिसरी बाब, विस्कॉन्सिनमध्ये रिपब्लिकन पक्षाची धूळधाण झाली, तिचे मोठे कारण होते बेनेट कायदा; शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती करणारा. जर्मन ल्यूथरन आणि कॅथलिक मतदार त्यामुळे बिथरले होते. कॅन्सस-नेब्रास्काच्या पट्ट्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांची संघटित चळवळ स्वतःचे उमेदवार निवडून आणत होती. हे सगळे बाजूला सारून १८९० चा निकाल एकट्या जकातीच्या खात्यावर लिहिणे सोयीचे आहे, खरे नाही. आणि सहा वर्षांनी त्याच मॅकिन्लींना त्याच मतदारांनी अध्यक्ष केले, हे तर हा दाखला देणारे बहुधा सांगतच नाहीत.

(जाता जाता : याच काळात, १८९२ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर ते प्रसिद्ध व्याख्यान दिले. जर्मन अर्थतज्ज्ञ लिस्टच्या संरक्षणवादी विचाराकडे त्यांचा ओढा होता. शुल्काच्या भिंतीआड उद्योग वाढवता येतात, हा विचार आपल्याकडे आदराने आला. आज भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून आपण तो वाचतो आहोत.)

१९३० चा स्मूट-हॉले कायदा थोडक्यात आटोपता येईल. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलून जूनमध्ये तो झाला, नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाने पन्नासहून अधिक जागा गमावल्या, आणि १९३२ साली स्मूट आणि हॉले दोघांचीही काँग्रेसमधली कारकीर्द संपली. मात्र महामंदीच्या त्या गदारोळात शुल्काचा वाटा वेगळा काढणे अशक्य आहे. त्या कायद्याचा टिकाऊ परिणाम वेगळाच झाला. राज्यशास्त्रज्ञ शॅटश्नायडर यांनी १९३५ साली त्याच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. शुल्काचा फायदा मोजक्यांना आणि भरघोस, तोटा सगळ्यांना आणि चिमूटभर. त्यामुळे संसदेच्या दारात गर्दी होते ती फायदेवाल्यांची, हे त्यांनी दाखवले. त्याआधीच, १९३४ मध्ये, काँग्रेसने शुल्क ठरवण्याचा आपला घटनादत्त अधिकार मोठ्या प्रमाणात अध्यक्षाकडे सोपवायला सुरुवात केली होती. आजची कोंडी तिथून येते. १८९० मध्ये मॅकिन्लींनी स्वतः कायदा लिहिला आणि स्वतः त्याची किंमत मोजली. आज आयोवाचा प्रतिनिधी अशा शुल्काबद्दल मते मागतो वा गमावतो, ज्यावर त्याने कधी मतदान केलेलेच नाही. घरी सांगायला त्याच्याकडे ‘मी अध्यक्षांशी बोललो आहे’ एवढेच असते.

आता २०१८. या वेळी अभ्यासकांकडे काउंटीवार आकडे होते, आणि या निवडणुकीवरचे निबंध हाच माझ्या टीकेचा खरा विषय आहे. घटनाक्रम असा : मार्चमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क, उन्हाळ्यात चिनी मालावर, ६ जुलैला चीनने अमेरिकन सोयाबीनवर पंचवीस टक्क्यांचे प्रतिशुल्क लावले. नोव्हेंबरात डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधीगृहात सुमारे चाळीस जागा कमावल्या.

एमिली ब्लँचर्ड, चॅड बाऊन आणि डेव्हिन चोर यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, ज्या काउंट्यांना प्रतिशुल्काचा फटका बसला तिथे रिपब्लिकन मते घटली, पण ज्या काउंट्यांतल्या उद्योगांना शुल्काचे संरक्षण मिळाले तिथे ती उल्लेखनीय वाढली नाहीत. ही विषमता मला या सगळ्या साहित्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पोलादावरच्या शुल्काची घोषणा ८ मार्चला झाली आणि पाचच दिवसांनी पिट्सबर्गजवळच्या पोलादी पट्ट्यातली पोटनिवडणूक डेमोक्रॅट कॉनर लॅम्ब यांनी हजाराच्या आतल्या फरकाने जिंकली. दोन्ही उमेदवार शुल्काच्या बाजूचे होते, मग शुल्काचे श्रेय कुणाच्या पारड्यात पडणार? संरक्षण मिळालेला कामगार आपली नोकरी आपल्या कसबाची मानतो. बाजार गमावलेल्या शेतकऱ्याला मात्र तो कुणामुळे गेला हे नीट माहीत असते.

याच निबंधात एक हिशेब आहे, तोच सगळीकडे उद्धृत होतो : व्यापारयुद्ध नसते तर रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाचल्या असत्या. उद्धृत करणारे त्याचा जोडीदार आकडा गाळतात. आरोग्यविम्याच्या प्रश्नाने घालवलेल्या जागा त्याच हिशेबाने आठ आहेत. म्हणजे चाळीसपैकी पाच. गृहाचे बहुमत त्या पाचांवाचूनही गेलेच असते. शिवाय हा ‘नसते तर’चा हिशेब आहे, काउंटीच्या मतांतला सरासरी फरक काढून तो अटीतटीच्या जागांवर बसवलेला. विशिष्ट पाच उमेदवारांकडे बोट दाखवून ‘हे सोयाबीनने पाडले’ असे म्हणण्याची मुभा तो देत नाही, आणि लेखकही ती घेत नाहीत.

आयोवाकडे पाहिले की हे स्पष्ट होते. त्या राज्यात २०१८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने दोन जागा गमावल्या : डब्यूककडची रॉड ब्लम यांची आणि डी मॉइनकडची डेव्हिड यंग यांची. दोन्हींत शहरी मतदार भरपूर होते. मका-सोयाबीनच्या ऐन पट्ट्यातली स्टीव्ह किंग यांची जागा मात्र, मताधिक्य बरेच घटूनही, टिकली. घाव सर्वांत खोल जिथे बसला तिथे आधीचे मताधिक्य इतके जाड होते की तो हाडापर्यंत गेला नाही. जुलैअखेर सरकारने शेतकऱ्यांना बारा अब्ज डॉलरपर्यंतच्या मदतीची घोषणा केली. सोयाबीनला बुशेलमागे एक डॉलर पासष्ट सेंट, मक्याला एक सेंट. या एका सेंटची मका उत्पादकांत चेष्टाच झाली. निबंध म्हणतो की मदतीने मतांची घट काही अंशीच भरून निघाली. पण दोन वर्षांनी, आणखी मोठ्या मदतीनंतर, ब्लम यांना हरवणाऱ्या ॲबी फिंकनॉर स्वतः पडल्या. सोयाबीनचा राग असलाच, तर त्याचे आयुष्य एका हंगामाचे निघाले.

मग परदेशी सरकारांनी नेम धरून मारायचे म्हटले तर? सुंग युन किम आणि योतम मार्गालित यांनी दाखवले आहे की चीनने नेमके हेच केले : ज्या मालाचे उत्पादन रिपब्लिकन काउंट्यांत, विशेषतः अटीतटीच्या मतदारसंघांतल्या काउंट्यांत एकवटले होते, तो माल निवडला. तिकडे फायगेलबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध सांगतो की अमेरिकेने स्वतःची शुल्के बेतली तीही राजकीय चुरशीच्या काउंट्यांतल्या उद्योगांना संरक्षण मिळेल अशी. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत. दोन सरकारे एकाच नकाशावर, जवळजवळ त्याच काउंट्यांवर बोट ठेवून बसलेली दिसतात.

नेम धरला तरी माल आणि मतदारसंघ यांच्या सीमा जुळत नाहीत, याचे उदाहरण आपल्या फळबाजारातच आहे. वाशीच्या घाऊक बाजारात येणारे ‘वॉशिंग्टन’ सफरचंद त्या राज्याच्या डोंगरापलीकडच्या कोरड्या भागात पिकते. भारताने जून २०१९ मध्ये ज्या अठ्ठावीस अमेरिकन वस्तूंवर प्रतिशुल्क लावले, त्यांत ते होते; शुल्क पन्नासवरून सत्तर टक्क्यांवर गेले आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत राहिले. या बागांची दोन मोठी केंद्रे, याकिमा आणि वेनाची. याकिमा चौथ्या मतदारसंघात, रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. वेनाची आठव्यात, आणि आठवा खरोखर चुरशीचा. पण त्यातले बहुसंख्य मतदार डोंगराच्या अलीकडे, सिअ‍ॅटलच्या उपनगरांत राहतात, आणि त्यांचा सफरचंदाशी संबंध तुमच्या-माझ्याइतकाच, खाण्यापुरता. ती जागा २०१८ मध्ये डेमोक्रॅट डॉक्टर किम श्रायर यांनी जिंकली. तेव्हा मेक्सिको आणि चीनची सफरचंदावरची प्रतिशुल्के लागू होती, हे खरे. पण बालरोगतज्ज्ञ उमेदवाराने उपनगरांत आरोग्यविम्यावर लढवलेली ती लढत सफरचंदाने जिंकून दिली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता या सगळ्याला छेद देणारा निबंध. ऑटर, बेक, डॉर्न आणि हॅन्सन यांनी जानेवारी २०२४ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा : २०१८-१९ च्या शुल्कांनी संरक्षित उद्योगांच्या भागांत रोजगार वाढला नाही, प्रतिशुल्कांनी, मुख्यतः शेतीत, रोजगार घटला, मदतीने तो थोडाच सावरला. तरीही संरक्षित भागांतले लोक २०२० मध्ये ट्रम्प यांच्याकडे अधिक झुकले. ब्लँचर्ड म्हणतात संरक्षणाने मते मिळाली नाहीत, ऑटर म्हणतात मिळाली. विसंगती आहे, पण पहिला निबंध २०१८ च्या काँग्रेसचा आणि दुसरा २०२० च्या अध्यक्षपदाचा. माझा अर्थ असा की शुल्काचे श्रेय ते लावणाऱ्याच्या नावावर जमा होते आणि त्याचा राग मतपत्रिकेवर जो कुणी हजर असेल त्याच्यावर निघतो. मध्यावधीत हजर असतो तो बिचारा स्थानिक प्रतिनिधी. फायगेनबाउम आणि हॉल यांचा २०१५ चा निबंध याला पूरक आहे : चिनी आयातीने पोळलेल्या मतदारसंघांतले प्रतिनिधी व्यापारविषयक विधेयकांवर अधिक संरक्षणवादी मते देऊ लागले, पण निवडणूक-निकालांत फरक दिसला नाही. वारा ओळखून त्यांनी आधीच पाठ फिरवली होती.

आपल्या वाचकाला हे परके वाटू नये. ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, तरी चाळीस टक्के निर्यातशुल्क ठेवूनच. आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्याने सत्ताधाऱ्यांना बहुतेक सगळ्या जागा दिल्या. मधल्या काळात निर्यातशुल्क निम्मे झाले होते आणि बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार येऊ लागले होते. आपल्याकडे ‘कांद्याने रडवले’ हा मथळा लोकसभेनंतर छापला गेला. विधानसभेनंतर कांद्याचा कुणी हिशेब मागितला नाही.

तर २०२६ कडे कसे पाहावे? २०२५ मध्ये शुल्के १९३० नंतर कधी नव्हती इतकी व्यापक झाली. २०२५ च्या नव्या हंगामाच्या सोयाबीनला सुरुवातीला चीनचे गिऱ्हाईक नव्हते. उपनगरांतल्या गिऱ्हाइकाला दुकानात भाव जाणवला, तर २०१८ पेक्षा परिणाम मोठा होईल, हे मी मान्य करतो. कारण तो फटका सुरक्षित ग्रामीण जागांपुरता राहणार नाही. आयोवाच्या पहिल्या मतदारसंघात २०२४ चा निकाल ७९९ मतांनी लागला होता, तिथे थोडीही नाराजी पुरते. अध्यक्षांच्या या आणीबाणी-अधिकारातल्या शुल्कांचा खटला सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुनावणीला आला. पण ऑगस्टअखेर टेक्ससने आपल्या मतदारसंघांच्या सीमा मध्येच बदलल्या, त्या रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात म्हणून. संपूर्ण व्यापारयुद्धाने २०१८ मध्ये जितक्या जागा घालवल्या असे निबंध सांगतो, तितक्याच एका राज्याच्या एका कायद्याने आणायच्या आहेत. १८९० मध्ये मॅकिन्लींच्या वाट्याला आलेली युक्ती आता त्यांचाच पक्ष वापरतो आहे.

भारताच्या हातात काय आहे, तर बदाम. कॅलिफोर्नियाच्या बदामाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक आपण आहोत, आणि ज्या मध्य खोऱ्यात तो पिकतो तिथे अटीतटीचे दोन मतदारसंघ आहेत. पण २०१९ चे आपले प्रतिशुल्क बदामावरही होते, आणि ते लागू असतानाच २०२० मध्ये त्या खोऱ्यातली गमावलेली जागा रिपब्लिकन डेव्हिड वॅलडेओ यांनी परत जिंकली. शेजारच्या तेराव्या मतदारसंघात २०२४ मध्ये १८७ मतांनी निवडून आलेले ॲडम ग्रे डेमोक्रॅट आहेत. बदामाला धक्का दिला तर पहिला तोच हादरेल. भारताने अजून प्रतिशुल्क लावलेले नाही. आणि टेक्ससला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने ज्या नव्या नकाशावर ४ नोव्हेंबर २०२५ ला मतदान केले, त्यात या दोन्ही मतदारसंघांच्या सीमा बदलल्या.